उताणं झोपवण्याचा हट्ट

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत अपघात होतात आणि अपघातांमागोमाग प्रथमोपचाराच्या सूचना फिरू लागतात. मजकूर बहुधा ठरलेला असतो. पडलेल्याला हलवू नका, उताणं झोपवा, मानेला कॉलर घाला, स्ट्रेचरला घट्ट बांधा आणि खाली आणा. अनेक शिबिरांत हेच शिकवलं जातं, सरावात हेच घोटून घेतलं जातं, आणि एखाद्या तुकडीने रुग्णाला कुशीवर ठेवून खाली आणलं तर जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. या सूचनेतलं दुसरं कलम मला मान्य नाही, आणि चौथं कलम ज्या पद्धतीने अमलात येतं तेही नाही.

उताणं झोपवणं तपासणीला सोयीचं असतं. हृदय थांबलं असेल आणि छातीवर दाब द्यायचा असेल, तर त्याला पर्यायच नसतो. रक्तस्रावाने रक्तदाब कोसळलेल्या माणसालाही सपाटच ठेवावं लागतं. एवढं मान्य करून सांगतो: कड्याच्या तळापासून गाडीरस्त्यापर्यंतच्या पाच-सहा तासांच्या वाटेवर बेशुद्ध माणसाला किंवा धाप लागलेल्या माणसाला सरसकट उताणं बांधून आणणं धोक्याचं आहे. कणा वाचवण्याच्या नादात आपण त्याचा श्वास पणाला लावतो.

उभ्या माणसाने साधा श्वास सोडल्यावरही त्याच्या फुप्फुसांत सुमारे तीन लिटर हवा शिल्लक असते. दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्ताला प्राणवायू मिळत राहतो तो या शिलकीतून. माणूस उताणा झाला की पोटातले अवयव श्वासपटलाला छातीकडे ढकलतात आणि ही शिल्लक पाऊण ते एक लिटरने कमी होते. तिशीतल्या धडधाकट माणसाचं त्याने काही बिघडत नाही, पण वय वाढतं तशा फुप्फुसांच्या तळाकडच्या बारीक श्वासनलिका श्वास सोडताना लवकर मिटू लागतात. साध्या श्वासातही त्या मिटण्याचं सरासरी वय शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत दिलेलं असतं: ताठ स्थितीत साधारण ६६ आणि उताण्या स्थितीत ४४. म्हणजे पंचेचाळिशीचा निरोगी माणूस नुसता पाठीवर आडवा झाला, तरी त्याच्या फुप्फुसाच्या काही भागात हवा नीट खेळत नाही. त्याच माणसाच्या दोन-चार बरगड्या मोडलेल्या असतील, दुखतं म्हणून तो खोल श्वास टाळत असेल, तर काय होईल? शनिवार-रविवारी गडवाटांवर पन्नाशीची किती मंडळी असतात ते वाचकांना ठाऊक आहे. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी हाणून मग चढायला लागणाऱ्यांची संख्याही ठाऊक आहे, आणि भरलेलं पोट श्वासपटलावर आणखी भार टाकतं.

त्यावर आपण पट्टे आवळतो. १९८८ साली बावर आणि कोवाल्स्की यांनी निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांना कणा स्थिर ठेवण्याच्या साधनांत बांधून त्यांची श्वासक्षमता मोजली आणि ती घटलेली आढळली. १९९९ साली टॉटन आणि शुगरमन यांनी ३९ निरोगी स्वयंसेवकांवर तोच प्रयोग केला. घट सरासरी १५ टक्के होती. हे लोक धडधाकट होते, खोलीत होते, कोरडे होते आणि थोड्या वेळात सुटणार हे त्यांना माहीत होतं. आपला रुग्ण भिजलेला, कुडकुडणारा, घाबरलेला असतो आणि त्याच्या छातीवरचा पट्टा प्रत्येक खडकाळ टप्प्यावर 'सरकू नये म्हणून' आणखी एक बोट आवळला जातो.

बेशुद्ध रुग्णाचा धोका याहून सरळ आणि याहून जास्त आहे. शुद्ध हरपली की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात. उताण्या स्थितीत जीभ आणि घशाचा मऊ भाग मागे पडतो आणि वाट अरुंद होते. सोबतच्या लोकांना घोरणं ऐकू येतं आणि 'शांत झोपलाय' असं समाधान वाटतं. डोक्याला मार लागलेला माणूस ओकतोही. उताण्या माणसाच्या उलटीला घशातून श्वासनळीकडेच वाट असते. रॉबर्ट बाउल्स या इंग्रज डॉक्टरने १८९१ मध्येच घरघर करणाऱ्या बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवल्यावर श्वास मोकळा होतो हे लिहून ठेवलं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. प्रथमोपचाराच्या प्रत्येक पुस्तकात बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवण्याचं चित्र असतं. मग 'तो पडलाय' एवढं कळताच ते पान आपण बंद का करतो?

उत्तर ठरलेलं आहे: मान. मणका सरकला तर माणूस जन्मभर लुळा होईल. ही भीती खोटी नाही आणि तिची चेष्टा करण्याचाही माझा विचार नाही. पण भीतीचं माप घ्यायला हवं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'नेक्सस' अभ्यासात मुका मार लागून रुग्णालयात आलेल्या आणि मानेचा एक्स-रे काढावा लागलेल्या ३४,०६९ रुग्णांची नोंद आहे. त्यांपैकी ८१८ जणांच्या मानेच्या मणक्याला इजा होती, म्हणजे शंभरात दोन-तीन जणांच्या. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना शंका आली त्यांच्यातलं हे प्रमाण आहे. त्याच अभ्यासातून पाच प्रश्न पक्के झाले, आणि ते डोंगरातही विचारता येतात. मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखतं का? हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे का? माणूस पूर्ण भानावर आहे का? दारू किंवा नशेचा अंमल आहे का? मानेच्या दुखण्याकडे लक्ष जाऊ नये इतकी वेदनादायक दुसरी जखम आहे का? पाचही उत्तरं निर्धोक असतील, तर त्या माणसाची मान जखडून ठेवण्याचं कारण उरत नाही. घोटा मुरगळलेल्या, नीट बोलणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या माणसाला कॉलर घालून फळीवर आवळणं निव्वळ देखावा आहे.

आणि कण्याला इजा असलीच तर? १९९८ साली हॉसवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दोन ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतले ३३४ रुग्ण कणा जखडूनच रुग्णालयात आले होते. मलेशियातले १२० रुग्ण कुठलंही जखडण्याचं साधन न वापरता आले होते. मज्जासंस्थेची इजा मलेशियातल्या रुग्णांत कमी आढळली. हा जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, दोन देशांतले अपघातही सारखे नसतात, त्यामुळे 'न बांधणं चांगलं' असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही. पण 'न बांधलं तर लुळेपणा येतोच' हा आपल्याकडचा ठाम सूर त्यातून कुठेच सिद्ध होत नाही. हॉसवाल्ड यांचा मुद्दा असा, की मणका मोडायला जो प्रचंड जोर लागतो तो पडतानाच लागून गेलेला असतो. जपून वळवताना लागणारा जोर त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ.

अनुभवी संस्थांनी यावर आपली भूमिका बदलली आहे. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीने २०१९ च्या मार्गदर्शिकेत 'कणा जखडणं' हे ध्येय मागे टाकून 'मज्जारज्जूचं रक्षण' हे ध्येय धरलं आणि कडक फळीचा उपयोग माणसाला अडचणीतून बाहेर काढण्यापुरता ठेवला. नॉर्वेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत शुद्ध हरपलेल्या अपघातग्रस्ताला कुशीवर ठेवण्याची रीत दिली आहे. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोन-तीन जणांनी मिळून, एकाच्या हाकेवर वळवायचं. एकटाच मदतनीस असेल, तर वळवायच्या बाजूचा रुग्णाचा हात डोक्याच्या वर लांब ठेवायचा, म्हणजे डोकं दंडावर टेकतं आणि मान वाकडी होत नाही. यातलं काहीही आपल्या तुकड्यांच्या आवाक्याबाहेर नाही. दोराच्या गाठींचा जेवढा सराव त्या करतात, त्याच्या दशांश सरावात हे जमेल.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, तो टाळणार नाही. अपघातग्रस्तांना उताणं आणि कुशीवर ठेवून थेट तुलना केलेले अभ्यास फार थोडे आहेत. नॉर्वेतल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास गोळा केले, तेव्हा त्यांना बराचसा आधार भूल दिलेल्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांवरून घ्यावा लागला. त्यांच्यात उताण्या स्थितीत श्वासमार्ग जास्त अडत होता. पुरावा थेट नाही, हे खरं. पण उताणं ठेवण्याच्या बाजूने तरी कुठे आहे? ती बाजू फक्त सवयीच्या बळावर उभी आहे.

आता आपल्या वाटांवर येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि त्यांची चर्चा कुणी करत नाही.

पहिली झोळी. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून, पालघरच्या डोंगरांतून, नंदुरबारच्या सातपुड्यातून आजही रुग्ण बांबूला बांधलेल्या चादरीतून खाली येतो. ती वापरणाऱ्या गावकऱ्यांना नावं ठेवण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही. रस्ता देता आला नाही तो सरकारला. पण ट्रेकर मंडळी जेव्हा हीच युक्ती 'जुगाड' म्हणून शिकवतात, तेव्हा झोळीतल्या माणसाचं काय होतं ते सांगायला विसरतात. एका बांबूला लटकलेल्या चादरीत शरीर कमरेतून दुमडतं. गुडघे पोटाकडे येतात, पोट छातीवर दाबतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग मुडपतो. पाय मोडलेला, शुद्धीवर असलेला माणूस डोकं सावरून घेतो. बेशुद्ध माणूस सावरू शकत नाही. त्यात तो कापडात गुंडाळलेला, म्हणून चेहराही दिसत नाही. दोन बांबू घ्यावेत, त्यांच्यामध्ये डोक्याकडे आणि पायाकडे आडव्या काठ्या बांधून अंतर कायम ठेवावं, वर घोंगडी किंवा ताडपत्री ताणून बसवावी. काम अर्ध्या तासाचं आहे, पण पाठ सरळ राहते आणि कुशीवरही ठेवता येतं. दिवस भरत आलेल्या बाईला तर शक्य तितकं डाव्या कुशीवरच न्यायला हवं. उताण्या स्थितीत गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि आई-बाळ दोघांनाही प्राणवायू कमी पडतो.

दुसरा उतार. स्ट्रेचर खाली उतरवताना पाय पुढे आणि डोकं मागे, वर चढवताना डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण वाट अरुंद झाली, ताकदीची माणसं एका टोकाला आली किंवा दोर उलट्या बाजूला बांधला गेला, की स्ट्रेचर फिरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कातळातल्या पायऱ्यांवर डोकं खाली करून उतरणारा माणूस पोटाचा सगळा भार छातीवर घेऊन येतो. 'डोकं खाली असलं की मेंदूला रक्त मिळतं' असं वर ऐकवलं जातं. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेसाठी वापरलेली ही स्थिती पहिल्या महायुद्धात वॉल्टर कॅनन यांनी रक्तदाब कोसळलेल्या, म्हणजे 'शॉक'मधल्या रुग्णांसाठी लोकप्रिय केली, आणि पुढे दहाएक वर्षांत त्यांनी स्वतःच ते मत मागे घेतलं. आपण अजून त्यांच्या पहिल्याच मताला धरून बसलो आहोत.

तिसरं, विषारी दंश आणि डंख. कोकणात लाल विंचवाच्या डंखानंतर काही रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांसाठी प्राझोसिन औषधाचा वापर सुरू केला, १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये मांडला आणि असंख्य जीव वाचले. फुप्फुसात पाणी भरलेला माणूस स्वतःहून उठून बसतो, कारण आडवं झालं की गुदमरतं. रक्तदाब फारच खाली गेला नसेल, तर अशा माणसाला पाठीला टेकू देऊन, पाय खाली सोडून बसवूनच न्यायला हवं. त्याला दाबून झोपवणारे हात प्रेमाचे असले तरी ते जीव घेऊ शकतात. हिमालयात उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेल्यालाही हेच लागू. मण्यार किंवा नाग चावला असेल, तर गोष्ट उलटी. तिथे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तोंडात लाळ साठते. असा माणूस उताणा असेल तर स्वतःच्या लाळेने ठसकतो. त्याला कुशीवरच ठेवायचं, न चालवता.

आग्या मोहोळाचा हल्ला तर आपल्या किल्ल्यांवर नेहमीचा. तिथे मी माझ्याच बाजूच्या उत्साही लोकांना थांबवतो. ॲलर्जीने रक्तदाब कोसळलेल्या माणसाला 'मोकळा श्वास घेऊ दे' म्हणून एकदम उभं करणं किंवा बसवणं घातक ठरू शकतं. पम्फ्री या ब्रिटिश डॉक्टरने २००३ मध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास मांडला, त्यात काही जण आडवे असताना तग धरून होते आणि उठून बसल्या-उभं राहिल्यानंतर लगेच गेले. घसा सुजून श्वास कोंडत असेल तर पाय पसरून बसू द्या, पण चक्कर आणि गळाठा असेल तर आडवंच ठेवा आणि चालवू नका.

तसंच हार्नेसला लटकलेल्या माणसाचं. धबधब्याच्या रॅपलिंगमध्ये कुणी अडकून निश्चेष्ट लटकला आणि खाली आणला, तर 'अर्धा तास आडवं करू नका, पायातलं रक्त एकदम हृदयाकडे येऊन मरेल' हा सल्ला आपल्याकडे छातीठोकपणे दिला जातो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने २००९ मध्ये त्याचा पुरावा शोधला आणि तो सापडला नाही. बेशुद्ध माणसाला बसतं ठेवलं तर मान लटकून श्वासमार्ग बंद होतो आणि मेंदूला रक्तही पोचत नाही. त्याला आडवंच करायचं, आणि श्वास चालू असेल तर कुशीवर. थोडक्यात, माझा वाद झोपवण्याशी नाही, विचार न करता एकाच स्थितीला चिकटण्याशी आहे.

'स्वयंसेवकांना इतके बारकावे झेपणार नाहीत, एकच सोपा नियम हवा' असं म्हणणारे माझे मित्र आहेत. मग सोपं सांगतो. बोलता येणाऱ्या माणसाला विचारा, 'कसं बरं वाटतं?' आणि चक्कर-गळाठा नसेल तर तो सांगेल तसं ठेवा. धाप लागलेला माणूस झोपायला नकार देत असेल तर तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे. हाक मारून नीट उत्तर न देणाऱ्या, पण श्वास चालू असणाऱ्या माणसाला जपून कुशीवर वळवा आणि तसाच बांधा. श्वास नसेल तर उताणा करून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास द्या. हे तीन निर्णय घेता येत नसतील, तर त्या माणसाच्या हाती दोर तरी कसा देता?

कुणी कायद्याची भीती घालतं. रुग्णाच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीला आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ चं संरक्षण होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं आहे. यापुढे त्यावर बोलण्यासारखं फारसं नाही.

स्ट्रेचर कुशीवरच्या रुग्णासाठी बनलेलं नाही, हा तक्रारीतला एकमेव व्यावहारिक मुद्दा. तो खरा आहे. पण पाठीमागे गुंडाळलेली झोपायची मॅट, पुढे सॅक, गुडघ्यांमध्ये जॅकेट आणि डोक्याखाली घडी केलेला कपडा एवढं लावलं की माणूस कुशीवर स्थिर राहतो. छातीचा पट्टा काखेच्या उंचीवर घ्यायचा, रुग्णाने खोल श्वास घेतल्यावर त्याखाली तळहात सहज जाईल इतका सैल. डोक्यापाशी एकच माणूस, ज्याचं काम फक्त श्वास पाहणं. दर थांब्यावर त्याने पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मोठ्या माणसाचे तिसाच्या वर गेले तर थांबून स्थिती बदलायची. पावसासाठी तोंडावर ओढलेलं प्लास्टिक आधी काढायचं. अंधारात त्याच्या ओठांवर टॉर्च मारायचा.

गिर्यारोहण संस्थांना माझी एकच विनंती आहे. जूनपूर्वीच्या पुढच्या सरावात प्रशिक्षकांनी स्वतः पोटभर जेवून, उताणं, कॉलर घालून, पट्टे आवळून स्ट्रेचरवर अर्धा तास पडून राहावं आणि साथीदारांनी त्यांना उतारावर एकदा डोकं खाली करून न्यावं. त्यानंतर अभ्यासक्रमातलं उताणं झोपवण्याचं कलम तसंच ठेवायचं की बदलायचं, ते त्यांनी ठरवावं.